एक नंबर वरचं कार्ड

अण्णा, आज ऑफिसात मी चौदा कॉम्प्युटरांची ग्राफिक्स कार्डं बदलायचा कागद पुढे केला आणि साहेबांनी तो न वाचता सही केली. "तुम्ही बघितलंय ना, मग झालं," म्हणाले. दुसऱ्या कुणाला अशा वेळी बरं वाटलं असतं. माझं डोकं फिरलं. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता बसून राहिले आणि मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी. तुमच्यासाठी एकच कार्ड निवडायला मी तीन आठवडे घालवले होते, पानंच्या पानं लिहिली होती, आणि तुम्ही भर दुकानात मला गप्प बसवलंत. परक्या माणसाला जे एका मिनिटात जमतं ते तुम्हाला का जमलं नाही, एवढंच विचारायचंय. गोड बोलायला बसलेली नाही मी.

तो कॉम्प्युटर घेतला होता दादासाठी, हे तुम्हाला आठवत असेलच. माझ्यासाठी आपल्या घरात नवं काय आलं होतं म्हणा. दादा नोकरीला पुण्याला गेला आणि बाहेरच्या खोलीतली ती मशीन माझ्या ताब्यात आली. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. बर्फावरून गाड्या पळवायचा एक गेम होता, त्याचं मला वेड लागलं होतं. बर्फाला मी तेव्हा हातसुद्धा लावला नव्हता, पण कुठल्या वळणावर ब्रेक सोडायचा ते भाट्याच्या पुलावरच्या खड्ड्यांसारखं पाठ होतं. तुम्ही कामावरून आलात की खांद्यावर टॉवेल टाकून मागे उभे राहायचात आणि म्हणायचात, "अजून त्याच बर्फात?" मी चिडायची. पण तुम्ही उभे राहायचात हेही खरं, चांगली दहा मिनिटं.

एस्टी स्टँडवरच्या बुकस्टॉलला कॉम्प्युटरचं एक मासिक यायचं, सीडीसकट. त्यात एकदा लिहून आलं, जुन्या कार्डाचा वेग घरच्या घरी कसा वाढवायचा. मी वाढवला. तेवढ्यावर भागेना म्हणून आणखी वाढवला. एप्रिलची दुपार, खोलीत गदमदतंय, आणि मी आपली गाडी हाणतेय. पडद्यावर आधी रंगीत चौकोन आले, मग सगळं काळं झालं आणि जळका वास सुटला. तुम्ही आतून विचारलंत, "काय गो, कसला वास येतो?" आणि माझ्या तोंडून पहिलं जे आलं ते मी बोलले. "व्होल्टेज," म्हटलं. "कार्ड गेलं. आपलं अर्थिंग नीट नसणार." खोटं होतं ते, सरळ खोटं. कार्ड मी जाळलं होतं. आणि सांगत होते कुणाला, तर आळीतल्या निम्म्या घरांची फिटिंग ज्याने स्वतःच्या हातांनी केली त्या वायरमनला.

तुम्ही पिशवीतून टेस्ट लॅम्प काढलात, होल्डरला दोन वायरी लावलेला तुमचा तो साधा बल्ब. एक वायर फेजला लावलीत, एक अर्थला. बल्ब भक्कन पेटला. तो तसा पेटला म्हणजे अर्थिंग चोख, एवढं तुमच्या हाताखाली वायरी धरून धरून मलाही कळत होतं. मी भिंतीला टेकून उभी आहे. आता तुम्ही वळणार आणि म्हणणार, खरं सांग. तुम्ही बल्बकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "दिव्याला पुरतं हे. तुझ्या मशिनीला पुरत नसेल." संपलं. पुढचे दोन दिवस तुम्ही अर्थिंगच्या नव्या खड्ड्यासाठी परसात पहार घेऊन जांभा फोडत होता. आई म्हणाली, "अहो, गडी लावा की, गुडघा बघा तुमचा." तुम्ही म्हणालात, "माझं काम आहे ते." मीठ आणि कोळशाचे थर दिलेत, नवी पट्टी पुरलीत, वर चार बादल्या पाणी ओतलंत. मी चहा आणून देत होते आणि रिकामा कप उचलून आत नेत होते. मला ओरडला असतात तर मी कबूल केलं असतं, अण्णा. ओरडायच्या वेळी तुम्ही ओरडला नाहीत.

मग संध्याकाळी हात धुताना म्हणालात, "नवं कार्ड घेऊ. सहा हजारांच्या वर नको. तू निवड." तू निवड. आपल्या घरात हे दोन शब्द माझ्या वाट्याला पहिल्यांदा आले. माझ्या कॉलेजची शाखा दादाने ठरवली होती आणि माझ्या चपलासुद्धा आई आणायची. त्यामुळे मी त्या कार्डाला अशी भिडले की परीक्षेलासुद्धा कधी भिडले नव्हते. मासिकाचे जुने अंक मैत्रिणीच्या भावाकडून आणले, सायबर कॅफेत बसून माहिती उतरवली. सहा हजारांत चार कार्डं बसत होती. पहिलं एवढी वीज खायचं की आपल्या कॉम्प्युटरच्या डब्यातला सप्लाय कोलमडला असता. दुसरं आपल्या जुन्या बोर्डाच्या खाचेत बसलं नसतं. तिसऱ्याच्या खोक्यावर मेमरीचा आकडा मोठा होता, एकशे अठ्ठावीस, पण आतली चिप जुनी. चौथं चौसष्टचंच, पण चिप नवी, आणि मला हवं होतं ते हेच.

रात्री जेवणं झाल्यावर तुम्हाला तो कागद दाखवला, तेव्हाचे तुम्ही मला अजून दिसता. चष्मा कपाळावरून खाली घेतलात आणि पहिला प्रश्न विचारलात, "वॅट किती खातं?" मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. तो आकडा माझ्याकडे होता. मग मी तुम्हाला समजावलं, की नव्या गेममध्ये पाणी, काच, ओला रस्ता हे सगळं कार्ड स्वतः रंगवतं, आणि त्याची सोय चिपमध्येच असावी लागते. ती नसेल तर मेमरी कितीही कोंबा, पाणी हलत नाही. तुम्ही जरा विचार केलात आणि म्हणालात, "म्हणजे टाकी मोठी, पण मोटरच नाही." अगदी तेच, अण्णा. माझ्या तीन आठवड्यांचा तुम्ही एका वाक्यात उलगडा केला होता. म्हणजे तुम्हाला कळलं होतं, हे लक्षात ठेवा. कळलं नव्हतं असं मी तुम्हाला कधीच म्हणू देणार नाही.

दुकान माळनाक्याच्या पुढे. दुकानदाराने तिसरं आणि चौथं, दोन्ही कार्डांची खोकी काचेवर ठेवली. माझ्या कार्डाचं खोकं साधं, निळं. दुसऱ्यावर चिलखत घातलेला कुणी राक्षस आणि हाताच्या पंज्याएवढा आकडा, १२८. दुकानदार माझ्याकडे बघतसुद्धा नाही. तो तुम्हाला म्हणतो, "साहेब, त्याच दरात डबल मिळतंय. मी तर हेच नेलं असतं." तुम्ही खोकं हातात घेऊन वजन करता. मी म्हणते, "अण्णा, हे ते टाकीवालं." तुम्ही म्हणता, "असू दे गो, जास्त घेतलेलं कधी नडत नाही." मी म्हणते, "पण चिप जुनी आहे ह्याची, मी तुम्हाला दाखवलं ना." आवाज जरा चढला असेल माझा. दुकानदार गालात हसतो. आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "तू गप्प बस जरा. व्यवहार चाललाय." मग त्याला म्हणता, "एक नंबर वरचंच द्या." माझा कागद माझ्या पर्समध्ये होता. तो मी काढलाही नाही.

एक नंबर वरचं. हे तुमचं वाक्य मी जन्मापासून ऐकलंय. जिथे तीन-वीसची वायर पुरेल तिथे तिच्याहून जाड सात-वीसची टाकायची, पाच अँपिअरच्या जागी पंधराचं बटण बसवायचं. देवरुखला एका हॉस्टेलचं काम केलंत तेव्हा मालक कुरकुरला, तरी तुम्ही जाडच वायर ओढलीत. वायरीत ते बरोबर होतं, कारण जाड वायर घराला आग लागू देत नाही. मोठा आकडा म्हणजे भरवशाचा, हे तुमच्या हाडात मुरलं होतं. तुमच्या बाजूने विचार करायचा म्हणून मी हे कितीदा तरी स्वतःला सांगून बघितलंय. राग जात नाही. कारण टाकी आणि मोटर हे शब्द तुमचेच होते. आकड्याला भुललात म्हणून मी एवढी जळले नसते. तो दुकानदार पुरुष होता, तुमच्या वयाचा होता, तुम्हाला साहेब म्हणत होता, आणि त्याच्या देखत पोरीचं ऐकायचं तुमच्या जिवावर आलं. एवढंच होतं ते.

घरी आणून कार्ड बसवलं. बर्फाचा गेम चालला, जुनाच तो. नवा गेम मैत्रिणीच्या भावाकडून आणून ठेवला होता, त्याच्यात समुद्रकाठाने रस्ता होता. तुम्ही टॉवेल घेऊन मागे उभे. "चालतंय ना?" मी म्हटलं, "चालतंय की. पाणी बघा." पडद्यावर समुद्र होता, आणि तो ताडपत्री अंथरल्यासारखा निपचित पडला होता. लाट नाही, चमक नाही, काही नाही. तुम्ही म्हणालात, "आहे की निळं." आणि माझा तोल गेला. मी खुर्ची मागे सारली आणि म्हटलं, "तुमच्या फिटिंगने एक कार्ड जाळलंत, तुमच्या अकलेने दुसरं घालवलंत. तुम्हाला काय डोंबलाचं कळतंय ह्यातलं." आई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच थांबली. तुम्ही टॉवेल नीट घडी करून दोरीवर टाकलात आणि म्हणालात, "बरं."

त्या "बरं"नंतर आपण तीन वर्षं एकमेकांशी नीट बोललो नाही. जेवायला चला, लाईट गेली, दादाचा फोन आलाय, एवढंच. मी हट्टाने पुण्याला आले, हार्डवेअरचं शिकले, नोकरी धरली. गणपतीला यायची तेव्हा तुम्ही विचारायचात, "काम बरं चाललंय ना?" आणि मी "हो" म्हणायची. मग तुम्ही गेलात. ध्यानीमनी नसताना, पावस रस्त्याला एका कामावर, शिडीशेजारी बसल्या बसल्या. मी पोचले तेव्हा सगळं आवरलं होतं.

तेराव्याला समोरच्या काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांच्या मुलाकडे आपल्यानंतर वर्षभराने कॉम्प्युटर आला होता. त्या म्हणाल्या, "तुझे अण्णा आमच्याकडे दोनदा येऊन अर्थिंगचा खड्डा बघून गेले गो. मी म्हटलं, भावजी, बल्ब तर झक्क पेटतोय. तर म्हणाले, बल्बचं काय सांगू नका वहिनी. आमच्या मुलीला ह्यातलं कळतं. ती म्हणाली पुरत नाही, म्हणजे पुरत नसणार." आळीत ज्यांच्या ज्यांच्याकडे कॉम्प्युटर होता त्या सगळ्यांकडे तुम्ही जाऊन आला होता म्हणे. वीस वर्षांपूर्वीची स्वतःची कामं उकरून मीठ-कोळसा बदलून आलात. चहासुद्धा घेतला नाहीत.

मी जेवढी तेव्हा चिडले तेवढी दुकानातही चिडले नव्हते. आमच्या मुलीला ह्यातलं कळतं. अहो अण्णा, हेच एक वाक्य त्या दुकानदाराला ऐकवायचं होतं. मी तुमच्या हाताच्या अंतरावर उभी होते. ते तुम्ही आळीभर सांगत फिरलात, काकूंना सांगितलंत, आणखी कुणाकुणाला सांगितलंत, फक्त मला सोडून. आणि सांगितलंत ते कशावरून, तर माझ्या एका थापेवरून. खरं सांगायला गेले तेव्हा गप्प बस, आणि खोटं बोलले तेव्हा स्वतःचा पेटलेला बल्ब खोटा ठरवलात. डोळ्यांनी दिसत होतं ना तुम्हाला? मग का नाही मला खडसावलंत? एवढा विश्वास होता तर तो नको त्या जागी कशाला खर्च केलात?

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. दादालाही नाही, त्याला अजून वाटतं कार्ड व्होल्टेजनेच गेलं. पण एक राहिलंय. काकूंनी त्या दिवशी मला विचारलं होतं, "भावजींनी सांगितल्यापासून उन्हाळाभर त्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओततो आम्ही. आता तू ह्यातली शिकलेली. खरंच लागतं का गो एवढं?" आजूबाजूला चार बायका होत्या, सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला तेव्हा खरं बोलता आलं असतं. तुमची फिटिंग पहिल्यापासून चोख होती, हे तुमच्या तेराव्याला, तुमच्या आळीसमोर मला सांगता आलं असतं. पण मला ह्यातलं कळतं असं आपल्या घराच्या ओटीवर पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं, आणि ते मला हातचं घालवायचं नव्हतं. मी म्हटलं, "हो काकू, लागतं."