कॅप्टनच्या घरात पडलेल्या मुली

१० ऑगस्ट २०२०, ट्रुगानिना

नोकरी जाऊन तीन महिने. सध्या ज्यूडिथबाईंचं काम. मूळच्या अमेरिकन, आता ॲडलेडला. व्हर्जिनियातल्या त्यांच्या पूर्वजांच्या चर्चची जुनी वही, तिचे स्कॅन पाठवतात. मी वाचून शीटमध्ये भरते. बाप्तिस्मा, लग्न, दफन. अक्षर म्हणजे मुंगीचे पाय, पण तेवढा वेळ डोकं शांत. नवरा प्रशांत पुण्यात अडकलाय, कोविडमुळे ऑस्ट्रेलियाची बॉर्डर बंद. घरात मी आणि नऊ वर्षांची लेक ईरा. दिवसभर.

१३ ऑगस्ट

बाईंचे मूळपुरुष म्हणजे एक कॅप्टन. चर्च अनाथ मुलं लोकांकडे कामाला बांधून द्यायचं, याच्याकडे पाच. दफनात एक ओळ: 'ॲन, वय दहा, कॅप्टनच्या घरी पडून मृत.'

दुपारी ईरा शाळेच्या ऑनलाइन क्लासमध्ये कॅमेरा बंद करून गेम खेळत होती. दोन ठेवून दिल्या. "यू आर नॉट अलाउड टु डू दॅट हिअर." मग तिसरीही दिली. आम्हीही खाल्लाय मार, मेलो नाही.

१७ ऑगस्ट

'मेरी, वय आठ, पडून मृत.' 'सुझाना, पडून मृत.' तेच घर, चार वर्षांत तिघी. सुझानापुढे शेजारणीची तक्रार: पाठीवर पट्ट्याचे वळ, केस धरून उंबऱ्यावर आपटली. खाली शेरा, पुरावा नाही.

उलटा टांगायला हवा होता मेल्याला. बाईंना फोन केला. "टेरिबल स्टेअर्स इन दोज डेज, डिअर. लीव्ह देम आउट." तिन्ही नोंदी काढायच्या म्हणे, पुस्तक नातवंडांसाठी आहे.

१९ ऑगस्ट

गणितावरून सुरू झालं. "आय हेट यू," म्हणाली. हातात चार्जरची वायर होती. दंडावर, पाठीवर. पळायला लागली तशी ओढली, दाराच्या कडेवर आपटली. ओठ फुटला, टी-शर्टवर रक्त. तरी लगेच थांबले नाही. हे लिहायलाच हवं. लगेच थांबले नाही.

रात्री बर्फ लावला. तिने लावू दिला.

२० ऑगस्ट

टीचरचा फोन. स्क्रीनवर ओठ दिसला.

"शी फेल," मी म्हटलं. पडली म्हणून सांगितलं. किती सहज.

शीट उघडली, बंद केली. लाज वाटते. प्रशांतला सांगायचं धाडस नाही.

२१ ऑगस्ट

टीचर सोमवारी दहाला ईराशी एकटीशी बोलणार. बाईंची मेल, तीन ओळी काढल्यास का. नाही काढल्या. उत्तरही नाही दिलं.

संध्याकाळी ईराचे केस विंचरत होते.

"आई, आय'ल से आय फेल. डोंट वरी."

लहान बाळाची समजूत काढतात तसा आवाज. खरं सांग म्हणायला तोंड उघडलं. प्रशांत इथे नाही, खरं सांगितलं तर सरकारी लोक हिला कुठे नेतील? नाही सांगितलं तर मी पुन्हा...

कंगवा फिरवायला हात उचलला. तिने डोळे घट्ट मिटले, खांदे वर घेतले.

वेणी घालून दिली. अजून काही बोललेले नाही.