लुगड्याची घडी

शेवंते, जय भीम.

काल घरी आधी टपकला तो नियाज, मागून कल्याणी. माझ्या नातीच्या, मैत्रीच्या, प्रयोगशाळेतली पोरं, सुट्टीला तिला भेटायला आलेली. किती आनंद झाला सांगू! हिंजवडीच्या या अकराव्या मजल्यावर मैत्री कामाला गेली की मी आत एकटीच. लिफ्टची भीती वाटते. जेवते पोटभर, काळजी नको. तुझा गुडघा कसा आहे?

नियाज सांगत होता, अंगातल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा दोन मीटर धागा घडी घालून असतो. घट्ट घडीतला भाग गप्प पडतो, मोकळा कामाला लागतो. मी लुगड्याची घडी करून दाखवली, तर दूरचे काठ शेजारी आले. तो ओरडलाच, "आजी, अगदी असंच! लांबचा तुकडा जवळ येऊन दुसऱ्याला जागं करतो."

"मग मलाही घडीतच ठेवलंय की रे," म्हटलं. ती दोघं हसली, मैत्री नाही हसली.

मला खाली बागेत न्यायला दोघं गुरुवारी पुन्हा येतो म्हणाली.

तुझी कांताताई