सत्तेचाळीस नंबरचं दूध

प्रिय धोंडू,

'प्रिय' लिहायला हात उठत नव्हता. पण मी शिकले दुसरीपर्यंत, आणि गुरुजींनी पत्राची सुरुवात अशीच शिकवली होती. वेगळी सुरुवात कशी करतात ते कळायच्या आत म्हशीमागं लागले. चार घरं पलीकडं राहतेस आणि चिमणी पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. सात वर्षं आपण बोललो नाही. आता एकदम तोंड उघडलं तर शिवीच पडेल. कागदावर शिवी लिहायला वेळ लागतो, तेवढ्यात राग जरा निवतो.

परवा गिरणीत तुझा निरोप मिळाला. तुझी नात सुष्मिता बारावी झाली, कॉलेजच्या फी-सवलतीचा अर्ज भरायचाय, त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि दूध संस्थेतल्या तुझ्या सभासद नंबरावरचं दूध धरलं की उत्पन्न सरकारनं घातलेल्या मर्यादेच्या वर जातंय. तर मी चावडीत येऊन तलाठी भाऊसाहेबांपुढं जबाब द्यायचा, की त्यातलं निम्मं दूध माझं. वर "जुनी मैत्रीण हाय, एवढं करील की" असंही म्हणालीस म्हणे. ऐकून पीठ डोळ्यांत गेल्यासारखं झालं मला. माझ्या गोठ्यात आता एक भाकड म्हैस आहे, धोंडू. ती शेण देते फक्त. त्याचा जबाब देऊ का?

विसरली असशील तर आठवण देते. तुझा मालक संध्याकाळचं दूध त्याच्या नंबरावर घालायचा. बिल त्याच्या खिशात, आणि खिशातून सरळ गुत्त्यात. म्हणून सकाळचं निम्मं दूध किटलीत घेऊन, वर दळणाचं फडकं टाकून, तू ओढ्याच्या वळणावर यायचीस. तिथं ते माझ्या कॅनमध्ये ओतायचं आणि मी माझ्या सत्तेचाळीस नंबरावर घालायची. मालकाला तू सांगायचीस, रेडकू ओढून पितंय. एवढं पीत असतं तर त्याचा हत्ती झाला असता! तुझ्या म्हशीचं दूध पातळ, त्यापायी माझी फॅट खाली यायची, दर कमी लागायचा, तरी मी कधी बोलून दाखवलं नाही. दर दहा दिवसांनी बिल झालं की तुझे पैसे तुझ्या पदरात, दिवाळीला संस्था वाटते तो फरकसुद्धा. तुझ्या धाकट्या सयाजीची शाळा त्यावरच झाली. मालक वारला, तरी तू वळणावर येतच राहिलीस, कारण तुझा थोरला बाळासो बापावरच गेलेला. अकरा वर्षं. माझ्या सुनेलाही मी कळू दिलं नाही. तूच म्हणायचीस, पोटात राहिलं तर आपलं, तोंडात आलं की गावाचं.

मग आलं नव्व्याण्णव साल. तुझा सयाजी आणि माझी नात संयोगिता एकदमच बारावी झाली. संयोगिताला सयाजीपेक्षा बावीस मार्क जास्त, हे मी आजच पहिल्यांदा लिहितेय. तिचं नाव कोल्हापूरच्या कॉलेजात लागलं, बी.एस्सी.ला. तिचा बाप, माझा कृष्णात, तर आधीच वारलेला, रेशनकार्ड माझ्या नावावर, म्हणून उत्पन्नही माझंच धरणार होते. भाऊसाहेबांनी दूध संस्थेचा कागद मागितला. आकडा बघून चष्मा वर केला आणि म्हणाले, "आजी, एवढं दूध? तुमचं बसत न्हाय यात." मी खरं सांगितलं. तो माणूस भला. म्हणाला, तिला घेऊन या, जबाब होऊ दे, निम्मं-निम्मं धरलं तर दोन्ही पोरांचं बसतंय. दोन्ही पोरांचं, धोंडू! तुझं काहीच जात नव्हतं.

तू आलीस. डोक्यावरचा पदर पुढं ओढलास, ज्योतिबाची आण घेतलीस आणि म्हणालीस, "मी कुणाच्या नंबरावर थेंब घातला न्हाय."

बाळासो दारात उभा होता, ते मलाही दिसत होतं. मी काही आंधळी नाही. अकरा वर्षांचे पैसे कुठं गेले म्हणून त्यानं तुला त्या रात्री तुडवलं असतं. म्हणून चावडीतलं मी एक वेळ सोडून देईन. पण दुसऱ्या दिवशी माझ्या चुलीपुढं येऊन सांगता आलं असतं. तिसऱ्या दिवशी आलं असतं. बाळासो कबनूरला यंत्रमागावर कामाला गेला, त्याला पाच वर्षं झाली. तू आपल्या नावानं नंबर काढलास, उजळ माथ्यानं दूध घालतेस. आता कुणाला भ्यायचीस?

संयोगिताची सवलत गेली, कॉलेज गेलं. वर्षभर घरात बसली, मग संस्थेत फॅट बघायच्या मशीनवर लागली. रोज सकाळी तुझंच दूध मोजते. सयाजी पुण्यात साहेब झाला, पेढे वाटलेस. माझ्या घरी नाही दिलेस तेवढी लाज राखलीस.

पण मला झोंबलं ते कॉलेज नव्हे. संस्थेचा आकडा चावडीत मोठ्यानं वाचला, तेव्हा पोर माझ्या शेजारी होती. एवढं दूध गेलं, घरात पैसे आले निम्मेच. तुझी आण खरी धरली तर उरलेले मी दाबले, उचगावच्या लेकीला दिले, नाहीतर ट्रंकेत ठेवले. त्याच आठवड्यात माझी ट्रंक कुणीतरी उघडली. मी लुगड्याची घडी डावीकडून घालते, ती उजवीकडून घातलेली. सुनेची रीत मला ठाऊक आहे, ती तिची नव्हती. संयोगिताची होती. तिनं मला कधी विचारलं नाही. मी दोनदा आपण होऊन सांगितलं, तर "व्हय आजी" म्हणाली. तापात बडबडणाऱ्याला म्हणतात ना, तसं.

जिथं तुला एक खरं बोलता आलं नाही, तिथंच मी आता खोटं बोलायचं म्हणतेस.

तुला वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. सून तुझी कबनूरला, म्हणजे हे पत्र सुष्मिताच तुला वाचून दाखवत असणार. म्हणूनच तर लिहिलं. बाळ सुष्मिता, तुझी यात काही चूक नाही. तुझ्याच वयाची होती आमची पोर तेव्हा. अर्जाला सोमवारपर्यंत मुदत आहे, तेही मी विचारून आले. संयोगिता सकाळी सहाला संस्थेच्या खिडकीत असते. तुझ्या आजीनं तिथं जाऊन तिला ओढ्याच्या वळणावरच्या दुधाचं एक खरं वाक्य सांगायचं, रांगेतल्या बायकांदेखत. त्यानंतर माझ्या जबाबाचं काय करायचं, ते मी बघीन. आता कागद खाली ठेव, आजीच्या तोंडाकडं बघ आणि विचार, रेडकू किती दूध प्यायचं?

वळणावर थांबायची ती तुझीच,
चिमणी