जेनोआतली ओळख

हॅमिल्टन, रविवार

नायजेलदादा,

तुझा पत्ता माझ्याकडे नाही, तरी लिहितेय.

इटलीत, जेनोआला, कॉलेजच्या स्टुडंट एक्स्चेंजमधल्या मैत्रिणींबरोबर शहर बघत फिरत होते, तेव्हा बंदराजवळ छत्र्या विकणारा तू "शॅरन!" म्हणत धावत आलास. घरी सगळ्यांना वाटतं, तू बोटीवर ऑफिसर आहेस. त्यांच्यातल्या वेन्डीने विचारलं, "ओळखतेस याला?" मला लाज वाटली. मी "नाही" म्हटलं. तू मान खाली घातलीस. "सॉरी मॅडम, चुकलो," इंग्रजीत म्हणालास आणि वळलास.

दुसऱ्या दिवशी एकटीच तिथे गेले. तू नव्हतास.

काल वसईहून मावशीचा फोन आला. "इटलीला गेली होतीस ना, तिकडे माझा नायजेल नाही ना दिसला?" विचारलं आणि स्वतःच हसली. "दिसला असता तर तू त्याच्या गळ्यातच पडली असतीस."

मी "हो" म्हटलं.

तुझी मावसबहीण,
शॅरन