रंगुआक्काच्या पदराच्या गाठी

शिरवळ, मंगळवार

तीर्थस्वरूप रंगुआक्काच्या पायांवर धाकट्या भावाचं, मानसिंगचं डोकं. इकडे तुझ्या आशीर्वादाने आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझे गुडघे, तुझी म्हैस आणि तुझी तपकिरीची डबी यांची खुशाली कळव. फोनवर तू "बरं हाय न्हवं?" एवढं विचारून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. शेजारचे कृष्णात मास्तर वाचून दाखवतीलच. (मास्तर, एक विनंती. कंसातलं मोठ्याने वाचू नका, ते फक्त तुमच्यासाठी. मी तिकडे शिराळ्याला आक्काकडे हवापालटासाठी आलो होतो हे खोटं. माझ्या छातीत दुखतं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली आहे, पुढल्या सोमवारी, सतरा तारखेला. तोवर टेन्शन कमी करा, प्रेशर खाली आणा, असं बजावलंय. आक्काला हे कळता कामा नये. शहाऐंशीव्या वर्षी तिच्या जिवाला घोर नको.)

तर आक्का, फौजेत अठ्ठावीस वर्षं काढली, मोठमोठे साहेब पाहिले, पण तुझ्याइतकं निवांत माणूस पाहिलं नाही. तुझ्या वयाला घरात एक गोळी नाही, आणि माझ्या सदुसष्टीला औषधांना वेगळी पिशवी. पहिल्याच दिवशी माकडांनी तुझ्या न्हाणीवरची कौलं फोडली. मी काठी घेऊन धावलो आणि दम लागून परत आलो. तू पदराला एक गाठ मारलीस आणि भाकरी थापायला बसलीस. चुलत जावेने बांधावरून कुरापत काढली, दुसरी गाठ. म्हशीने पान्हा चोरला, तिसरी. बाजारच्या दिवशी तपकीर ओढून तू ओट्यावर बसलीस आणि एकेक गाठ सोडू लागलीस. कौलांची आठवली, लगेच नवी कौलं बसवायला सांगून आलीस. बाकीच्या गाठींकडे बघून म्हणालीस, "कशाची हुती कुणाला ठावं. मिटली असंल." मला तुला सॅल्यूट ठोकावासा वाटला. (मास्तर, ठोकला होता, न्हाणीमागे जाऊन.) फक्त वरच्या आळीच्या कोंडीबा तात्याने अंथरूण धरल्याचं कळलं तेव्हा तू पदराला हात लावला नाहीस, चपला शोधू लागलीस. मी कारण विचारलं. "माणसासाठी गाठ मारायची न्हाई रं, उठून जायाचं," म्हणालीस आणि काठी टेकत निघालीससुद्धा.

घरी आल्याबरोबर मी हाच कार्यक्रम सुरू केला. मला पदर कुठला, म्हणून खांद्यावरचा टॉवेल घेतला. आता फौजी माणूस नोंद केल्याशिवाय शिंकतसुद्धा नाही, तेव्हा सोबत एक वही घातली: गाठ क्रमांक, तारीख, वेळ, कारण. दारासमोर लागणारा ट्रक, क्रमांक एक. जयराजने पुण्याहून फोन न उचलणे, क्रमांक दोन ते सहा. (पोरगा कामात असतो, मीच दर तासाला करतो.) शनिवारपर्यंत एकेचाळीस गाठी झाल्या आणि टॉवेलचा दोरखंड झाला. सोडायला बसलो, तर वहीच्या कृपेने एकही विसरलेली नाही. वाचता वाचता ट्रकवाल्याचा राग पुन्हा नव्याने आला. त्यातच सूनबाई शिवांजलीने तो टॉवेल धुवायचा म्हणून सगळ्या गाठी सोडून टाकल्या. मी वही उघडून क्रमाने पुन्हा मारल्या, वर बेचाळिसावी मारली, कारण टॉवेल वाळेना. तुझी भावजय इतका वेळ शेंगा सोलत बघत होती. ती म्हणाली, "आवं, वन्सं गाठी मारत्यात त्या इसरायला. तुमी तर हजेरी घेताय." तिचं पटलं आणि वही माळ्यावर टाकली. आता मी अगदी तुझ्यासारखा निवांत आहे. (वही उशीखाली आहे, मास्तर. प्रेशर एकशे सत्तर.)

तू शंभरी ओलांडणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि त्या दिवशी तुला सॅल्यूट करायला मी हजर असावं एवढीच इच्छा आहे. वडीलधाऱ्यांना नमस्कार, म्हशीला वैरण.

तुझा,
मानसिंग (रिटायर्ड सुभेदार)

ता. क. तपकिरीची डबी शोधू नकोस. ती माझ्या खिशातून इकडे आली आहे. दुखायला लागलं की वास घेतो. तुझ्या ओट्यावर बसल्यासारखं वाटतं.

ता. क. २. मास्तर, सतरा ही तिसरी तारीख. पहिल्या दोन मीच पुढे ढकलल्या, एकदा लग्नाचं कारण सांगून, एकदा हळदीच्या काढणीचं. बर्फात कधी भ्यालो नाही, त्या टेबलावर झोपायला भितोय. ही एक गोष्ट वहीत लिहिलेली नाही. बघा, हे सगळं कंसाबाहेर लिहिलंय, म्हणजे तुम्ही मोठ्याने वाचलंच असणार. आता कंसातलंही वाचा. आक्काचा हात पदराकडे जातो की चपलांकडे, तेवढं बघा. चपलांकडे गेला तर फोन करू नका, तिला साताऱ्याच्या गाडीत बसवून द्या. मी रविवारी सकाळपासून साताऱ्याच्या स्टँडवर उभा आहे.