तुमच्या खोट्या खोकल्याबद्दल

अहो, ऐकताय ना?

विसरण्यात तुमचा हात कुणी धरला नसता. बाजारला जाताना पिशवी विसरायचात, लग्नाला जाताना आहेर विसरायचात. गेल्या साली कायमचे गेलात तर चष्मा खुंटीवर आणि कवळी वाटीत! ते चालेल. पण मला एक गोष्ट सांगायची तुमच्याकडून राहिली, ती विसरायला नको होती. काल नगरच्या दवाखान्यात ती मला कळली, म्हणून हे पत्र.

मी बोलते, सुनंदा लिहिते. सून शिकलेली आहे, पदरचं घालू नको म्हणून बजावलंय. आज मी कपडे न्यायला घरी आले, संध्याकाळी परत जाते.

दवाखान्यात आपली मंगल आहे. लेक गेल्यावर तिच्या या लेकराला जावयाच्या घरून तुम्हीच आणलंत. बाप पिऊन यायचा आणि झोपलेल्या पोरीला मागून केस धरून ओढायचा. ते आठवून तुम्ही जेवता जेवता थांबायचात.

तुमच्या माघारी ती फारच गप्प झाली. शेजारीण तिची वेणी घालायला मागं बसली, तर मंगल तिला चावली. मग श्रावणात आपला लेक बाळू मागून तिच्या हातातली कळशी घ्यायला गेला, तर तीच कळशी तिनं त्याच्या कपाळात घातली. टाके पडले. सुनंदाच्या पदरात तान्हं लेकरू. ती म्हणाली, "आत्या, मला भ्या वाटतं." (लिही गं, थांबलीस का? खोटं थोडंच आहे?)

दवाखान्यात पहिल्या दिवशी एका डॉक्टरानं भराभरा विचारलं. कुणाला मारलं? कशानं? पुन्हा मारेल का? मी खरं ते सांगितलं, आणि पोरगी कडीच्या खोलीत गेली! रोज सकाळी दोघं तिला मागून धरायचे, सुई द्यायचे, आणि रोज ती जास्तच अंगावर जायची. इथं आवरत नाही, पुण्याच्या वेड्यांच्या मोठ्या इस्पितळात पाठवू, म्हणाले. तिथून तिला कोण परत आणणार होतं, सांगा?

काल नवी डॉक्टरीण आली. मंगलच्या समोर, थोडी लांब बसली. दार उघडंच ठेवलं. मला म्हणाली, "आजी, हिनं मारलं ते कळलं. मारायच्या आधी काय झालं होतं?"

मी सांगत गेले. वेणी, कळशी, सुई. सांगता सांगता माझं मलाच उमगलं. सगळे मागून आले होते.

"आणि कधीच मारलं नाही, असं कुणाला?"

"तिच्या आज्याला. त्यो मानूस मांजराला बी इचारून पुढं जायचा."

"ते तिच्याजवळ कसे जायचे?"

अहो, तेव्हा मला तुमचा खोकला आठवला! लेकी-सुनांनी पदर सावरावा म्हणून म्हातारी माणसं दाराशी खाकरतात. तुम्ही जन्मात कधी खाकरला नाहीत, आणि मंगल आल्यापासून सुरू केलंत. मी किती टोमणे मारले! "पाटील झालात का?" म्हणाले. "छातीचा फोटो काढा," म्हणाले. तुम्ही नुसते हसायचात. का नाही सांगितलंत मला? मीही खोकले असते. सगळं घर खोकलं असतं!

डॉक्टरणीला दाखवायला मी तुमच्यासारखी खाकरले. भिंतीकडं तोंड करून बसलेली मंगल एकदम वळली आणि दाराकडं बघायला लागली. किती वेळ बघत होती! दारात कुणीच नव्हतं. मग ती रडली. तुमच्या मयतीला सुद्धा रडली नव्हती हो.

डॉक्टरीण गोड गोड बोलली नाही. "धोका संपला असं मी म्हणत नाही, आजी. ती पुन्हा हात उचलू शकते. पण कशानं उचलते ते आता कळलं." मग मंगललाच विचारलं, अंगात भडका उठायला लागला की आम्ही काय करावं? मंगल पुटपुटली, "हाक मारा. समोरून या." नर्सबायांना तसंच बजावलं आहे. पुण्याचं तूर्त थांबलं. आठवडाभर बघू, मग घरचं ठरवू, म्हणाली.

घरचं मी ठरवलं आहे. सुनंदाची भीती खोटी नाही, म्हणून सुरुवातीला मंगलपाशी मी झोपेन आणि तान्हं लेकरू आतल्या खोलीत राहील. मार बसला तर मला बसू दे. पण तुम्ही आणलेली पोर मी परक्या दारात टाकणार नाही. हा माझा शब्द.

तुमची,
"अगं ए"

सुनंदा, आता कागद ठेव. उद्या सकाळच्या एसटीनं कंडक्टरपाशी डबा धाड. हुलग्याचे शेंगोळे कर, लसूण सढळ घाल. तिघींना पुरतील एवढे पाठव. काल नर्सबाई ताट ठेवून निघाली, तर मंगल तिला म्हणाली, "तुमी बी बसा."