भेग नव्हतीच ती

रत्नागिरी, मंगळवार, संध्याकाळ

रिपोर्ट आला. भेग नव्हतीच ती. स्तनाग्राच्या कातडीचा इवलासा तुकडा काढून तपासला, त्यात मोठ्या, फिकट पेशी विखुरलेल्या दिसल्या. पॅजेट म्हणतात त्याला, स्तनाच्या कॅन्सरचा दुर्मीळ प्रकार. दिसतो इसबासारखा, म्हणून फसायला होतं. आत गाठ आहे का, ते मॅमोग्राफीत कळेल. घाबरले का मी? दुपारी घाबरले होते. आता नाही, वाटतं.

डोक्यात घोळतंय ते कोकमतेल. खाज सुटून चिरलं, तेव्हा पालीच्या जाऊबाईंनी घरी केलेल्या, थिजलेल्या तेलाचा गोळा दिला होता. आपल्याकडे भेगेला दुसरं लावतात काय? पावसाळाभर तेच चोळत बसले. मघाशी फोनवर त्यांना सगळं सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या तेलानं झालं काय गो?"

डॉक्टरांना मी नेमकं हेच विचारून आले होते. म्हणाले, तेलानं कॅन्सर होत नाही, तेलापायी उशीर होतो.

जाऊबाईंना त्यातलं पहिलं तेवढं सांगितलं. वर म्हटलं, "वहिनी, याल तेव्हा नवा गोळा आणा. टाचा फुटल्यात माझ्या."